प्रादेशिक सेना म्हणजे कायमची नोकरी नव्हे

महोदय,

सैन्यभरतीची जाहिरात आली की मराठवाड्यातील तरुण प्रादेशिक सेनेकडेही कायमच्या नोकरीच्या आशेने पाहतात; परंतु 1948 च्या कायद्याने उभी राहिलेली ही सेना मुळात आपला कामधंदा सांभाळून ठराविक काळ गणवेश चढवणाऱ्या नागरिकांची आहे, आणि हे भरतीच्या मैदानावर कोणी नीट समजावून सांगत नाही. गरज पडेल तेव्हा नियमित सैन्याचा भार हलका करणे हे तिचे काम असून 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांत तिच्या तुकड्यांनी ते केले. मे 2025 मध्ये केंद्राने या सेनेतील अधिकारी व जवानांना पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, तेव्हा अर्धवेळ सैनिकालाही घर सोडावे लागते, याची अनेकांना प्रथमच जाणीव झाली असावी.

बोलावणे आलेल्या कर्मचाऱ्याला परतल्यावर पुन्हा कामावर घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर टाकले आहे. तरीही माझ्या परिचयातील एका तरुणाला, तो काम करीत असलेल्या कारखान्याने प्रशिक्षणाची रजा देताना इतके हेलपाटे घालायला लावले, की त्याने नाव काढून घेतले. (कारखान्याच्या फाटकावर तिरंगा मात्र दिमाखात फडकत असतो.)

आपल्या भागात प्रादेशिक सेनेच्याच पर्यावरण बटालियनचे माजी सैनिक उजाड माळरानावर झाडे लावतात व जगवतात. दुष्काळी मराठवाड्यात अशा तुकड्यांचा विस्तार व्हावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी या सेवेच्या अटी गावोगावी मराठीतून सांगाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, लातूर