'भरधाव' कोणी ठरवलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घोडबंदर रोडला अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात 'भरधाव ट्रकने' हे शब्द जवळपास ठरलेलेच. ट्रक खरंच भरधाव असेलही, बऱ्याचदा असतोच, पण तपासाआधीच हे छापून आलं की ज्यांनी अपघात डोळ्यांनी बघितला त्यांच्या आठवणीतसुद्धा तो ट्रक जास्त जोरात पळायला लागतो, आणि हे मी मनाचं सांगत नाहीये.

1974 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना अपघाताच्या छोट्या फिल्म्स दाखवल्या आणि गाड्यांचा स्पीड विचारला. प्रश्न तोच, फक्त क्रियापद बदललं. गाड्या 'एकमेकींना टेकल्या' अशा अर्थाने विचारलं तर उत्तर सरासरी ताशी 32 मैल, 'जोरात आदळल्या' म्हटलं की 41 च्या आसपास. दुसऱ्या एका ग्रुपला आठवड्याने बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच, तरी 'आदळल्या'वाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, आणि साधं 'धडकल्या' ऐकलेल्या 50 पैकी फक्त 7.

आपल्याला वाटतं डोक्यात सीसीटीव्हीसारखं रेकॉर्डिंग असतं, पण तसं नसतं हो. मेंदू थोडं ठेवतो आणि आठवताना बाकीचं जुळवून घेतो, त्यात नंतर ऐकलेलं, वाचलेलं पण मिसळतं, आणि गोष्ट लक्षात राहते पण ती कुठून कळली ते विसरायला होतं, त्यामुळे ऐकलेलं आणि बघितलेलं एकच होऊन जातं.

आमच्या इथे कासारवडवलीला सर्व्हिस रोडवर टेम्पोने रिक्षाला मागून ठोकलं तेव्हा नारळपाणीवाले काका पहिल्यांदा म्हणाले, "मी आवाज ऐकून वळलो." मग एक मुलगा मोबाईलवर शूटिंग करत आला आणि विचारायला लागला, "काका, ड्रायव्हर फोनवर बोलत होता ना?" काका म्हणाले, "असेल बाबा." संध्याकाळी तेच काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ड्रायव्हरच्या कानाला फोन होता, मी स्वतः बघितला! काका खोटं बोलणारे अजिबात नाहीत, शपथेवर पण त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि त्या ड्रायव्हरचं काय झालं असतं याचा विचार करा.

आपसात बोलूनही हेच होतं. 2003 च्या एका प्रयोगात फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी जोडीतल्या दोघांना एकाच प्रसंगाचे वेगवेगळ्या बाजूने घेतलेले व्हिडिओ दाखवले, दोघांना वाटत होतं आपण सेमच बघितलंय. बोलणं झाल्यावर त्यातल्या 71 टक्के लोकांनी स्वतः न बघितलेली एखादी तरी गोष्ट सांगितली. आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात काय होत असेल बघा.

अपघाताच्या केसमध्ये साक्ष द्यायला कधीकधी काही वर्षं जातात, नुकसानभरपाई, लायसन्स, कुणाची तरी जेल त्यावर ठरते. म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे, बातमीत 'ट्रकने धडक दिली' एवढंच लिहा, स्पीडचं पोलिसांकडून किंवा सीसीटीव्हीवरून कळल्यावर छापा. बातमीदारांनी 'किती जोरात होता हो?' असं न विचारता 'काय बघितलंत ते सांगा' म्हणावं आणि मध्ये न बोलता ऐकून घ्यावं. आणि वाचकांनो, कधी असं काही समोर घडलंच तर आधी जखमींना मदत करा, मग ग्रुपवर टाकायच्या आधी स्वतःसाठी एक व्हॉइस रेकॉर्डिंग करून ठेवा, काय बघितलं आणि काय नुसतं ऐकलं ते वेगवेगळं सांगून.

एक वाचक,
कासारवडवली, ठाणे (प.)