नापासाला त्याची चूक कळू द्या

लेखा-व्यवसायाच्या परीक्षा ज्यांच्या खात्याच्या अखत्यारीत येतात, त्या मंत्रिमहोदयांस खुले पत्र

सन्माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

व्यावसायिक लेखा परीक्षेच्या एका पेपरात मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा ४६ मिळाले, दुसऱ्यांदा ४७. हवे होते ५०. दोन्ही वेळा संस्थेकडून हाती आला तो एवढा आकडाच.

पहिल्या निकालानंतर मी अभ्यास वाढवला, पण ज्याची धास्ती वाटायची त्याचाच. भाडेपट्ट्याचे हिशेब, स्थगित कर, वित्तीय साधने. एकत्रित ताळेबंद, म्हणजे मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांचा मिळून एकच ताळेबंद, मला चांगला येतो असे मी धरून चालले होते, म्हणून त्याला हातही लावला नाही. नोकरी सांभाळून रोज जेमतेम दोन तास मिळायचे. ते कुठे घालायचे हे ठरवायला त्या ४६ या आकड्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

तिसऱ्यांदा बसण्याआधी ऑफिसातल्या एका वरिष्ठ बाईंनी माझी सरावाची वही मागून घेतली. दहा मिनिटांत त्यांनी एका ओळीवर पेन्सिल टेकवली. उदाहरण अगदी नेहमीचे होते. मूळ कंपनीने खर्चावर २५ टक्के नफा चढवून उपकंपनीला माल विकला आणि वर्षअखेरीस त्यातला ५०० चा माल उपकंपनीकडे पडून राहिला. त्यात न कमावलेला, म्हणजे माल अजून समूहाबाहेर विकला न गेल्याने एकत्रित हिशेबात धरता न येणारा, नफा किती? मी ५०० चे २५ टक्के म्हणून १२५ लिहिले होते. पण नफा खर्चावर चढवलेला आहे. ४०० चा माल ५०० ला गेला, म्हणजे नफा १००.

वही मागे चाळत गेलो तर हीच चूक सहा ठिकाणी निघाली, आणि सहाही ताळेबंद तंतोतंत जुळलेले! जुळणारच, कारण शिल्लक मालातून १२५ वजा आणि नफ्यातूनही १२५ वजा. दोन्ही बाजू सारख्याच खाली येतात. ताळेबंद जुळला की खाली दोन रेघा मारून मी समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळत असे. आधीचे दोन पेपर याच चुकीपायी गेले का, हे मला कुणीच कधी सांगितले नाही.

महोदय, हा एका उमेदवाराच्या गुणांपुरता प्रश्न नाही. पुढे पास होऊन मी खऱ्या कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांवर काम करू लागले. त्या बाईंनी वही मागितली नसती आणि मी दुसऱ्या प्रश्नांच्या जोरावर कसेबसे ५० गाठले असते, तर ती चूक माझ्याबरोबर तिथे आली असती. या हिशेबांवर सावकार, गुंतवणूकदार आणि कर्मचारी विसंबतात. परीक्षेने पकडलेली चूक उमेदवारापर्यंत पोचलीच नाही, तर ती पकडून मिळवले काय?

हे अशक्य म्हणावे तर जगात इतरत्र काही प्रमाणात चाललेलेच आहे. अमेरिकेत लेखापाल होण्यासाठीच्या सीपीए परीक्षेत पास व्हायला ० ते ९९ या पट्टीवर ७५ लागतात. नापास झालेल्याला तिथे विषयवार अहवाल मिळतो, त्यात उत्तीर्ण झालेल्यांच्या तुलनेत तो कुठे कमी पडला, कुठे बरोबरीचा आणि कुठे सरस ठरला हे दिसते. एसीसीए ही लेखापालांची ब्रिटिश संस्था परीक्षकांचे अहवाल प्रसिद्ध करते, त्यात उमेदवारांच्या नेहमीच्या चुका नोंदवलेल्या असतात. भारतातल्या सीएच्या परीक्षेनंतर सुचवलेली उत्तरे छापली जातात. यातले कुठलेही पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. परीक्षकांचा अहवाल सगळ्यांसाठी असतो. माझ्या उत्तरपत्रिकेत काय घडले ते त्यातून कळत नाही.

संगणकावरच्या परीक्षेत प्रश्न पुन्हा वापरायचे असतात, म्हणून ते उघड करता येत नाहीत, अशी अडचण सांगितली जाते. ती खरी आहे. पण प्रश्न झाकून ठेवूनही घटकवार गुण देता येतात. लेखी पेपरात तर परीक्षक प्रत्येक उपप्रश्नाला वेगळे गुण देतोच. ते आकडे कुठेतरी नोंदलेले असतात, बेरीज झाली की उमेदवाराच्या नजरेआड होतात. नवे काही मोजायचे नाही, मोजलेले आहे ते पाठवायचे आहे.

   

आपल्या खात्याने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दोन गोष्टी नियमानेच बंधनकारक कराव्यात, ही माझी विनंती. नापास उमेदवाराला निकालाबरोबरच, वेगळा अर्ज किंवा शुल्क न मागता, घटकवार गुण द्यावेत. आणि लेखी उत्तराला गुण कापले असतील तिथे कारणाची एक ओळ असावी. 'नफा खर्चावर, विक्रीवर नव्हे' एवढे चार शब्द मला कदाचित पहिल्या खेपेलाच पुरले असते.

आपली नम्र,
एक लेखापाल