अण्णा, सायकल इटलीचीच निघाली

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या दारातून निघताना धड दोन शब्द बोलता आले नाहीत, घसाच दाटून आला होता. म्हणून हे जाहीर पत्र.

बाबा गेल्यापासून त्यांच्या रेसिंग सायकलचा सांगाडा माळ्यावर पडून होता. रंग उडालेला, कंपनीचं नाव कुठेच नाही. मुंबईला नोकरीत असताना त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. ‘इटलीची आहे,’ असं ते सांगायचे आणि नातेवाईक हसण्यावारी न्यायचे. बाबा खरं बोलत होते का, एवढंच मला कळून घ्यायचं होतं.

गावातल्या एका मोठ्या दुकानात ‘भंगारात घाला’ म्हणून तोंडावर सांगितलं. दुसऱ्याने पायडलच्या एक्सलची कटोरी (एक्सल धरून ठेवणारी, आट्यांनी बसवलेली वाटी) निघेना म्हणून पान्याला पाइप लावला, तिचे काठ मोडले आणि शिवाय फ्रेमखालचा नंबर बघायला पॉलिश पेपर घेऊन बसला. मी फ्रेम अक्षरशः ओढून आणली. एका जाणकाराने फोटोवरूनच, मागचं चाक बसतं त्या टोकांवर ‘कॅम्पॅग्नोलो’ हे इटलीच्या कंपनीचं नाव कोरलंय म्हणजे सायकल इटालियन, असं सांगून फी मागितली. ती टोकं तर इंग्लंडमधले कारागीरही आपल्या फ्रेमला लावत.

तुम्ही मात्र आधी हात धुतलेत. मग आतून चादर आणलीत, चार पदरी घडी करून बाकावर अंथरलीत आणि फ्रेम तिच्यावर उलटी ठेवलीत. ‘रंग थोडाच राहिलाय, तेवढा तरी राहू दे,’ म्हणालात. अण्णा, बाकी सगळं मी कदाचित विसरेन, ती चादर नाही विसरणार. बाबांच्या वस्तूला इतक्या मायेने हात लावणारं बाहेरचं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

आपल्याकडच्या सायकलींना इंग्रजी पद्धतीप्रमाणे चेनच्या बाजूला उलटे आटे असतात. त्यामुळे सगळे कटोरी उजवीकडे फिरवत होते, म्हणजे उघडायच्या नावाखाली आवळत होते. तुम्ही तेल सोडून थांबलात, डावीकडे फिरवलीत आणि ती सुटली. दोन्हीकडे सुलटे आटे! तसे ते जुन्या फ्रेंच सायकललाही असत, पण त्यांचा व्यास ३५ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. तुमच्या आटे मोजायच्या गेजवर इंचाला २४ आटे आले, व्हर्निअर मापकावर व्यास ३६ मिलिमीटरच्या आसपास, आणि शेलची, म्हणजे कटोरी बसते त्या फ्रेमच्या नळीची, रुंदी ७०. इंग्रजी शेल ६८ चं असतं. हे माप इटलीचंच. मागच्या चाकाची जागा १२६ मिलिमीटर, म्हणजे सहा-सात गिअरच्या जमान्यातली, १९८० च्या आगेमागची.

सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या, पण त्यांच्या वर्कशॉपात घडलेली तुमच्यासारखी माणसं अजून आहेत. मोजल्याशिवाय बोलायचं नाही आणि परक्याची वस्तूही आपली म्हणून जपायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. अशा माणसांच्या जिवावरच गाव चालतं असं मला मनापासून वाटतं.

आईला मी ते सगळे आकडे वाचून दाखवले. ‘म्हणजे इटलीचीच ना?’ एवढंच तिने विचारलं आणि लगेच काकांना फोन लावला.

नवी कटोरी मागवली आहे, इटालियन आट्याचीच. बसवायला तुम्हीच हवेत. येताना आई शेंगापोळ्या देणार आहे, नको म्हणू नका.

आपला नम्र