विषय : वार्षिक सभेतील ठराव यापुढे चिठ्ठी टाकून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

महोदय,

गच्चीतून होणाऱ्या गळतीबाबत मी दिलेल्या लेखी अर्जांपैकी एकाचेही उत्तर सोसायटीच्या कार्यालयातून आलेले नाही. म्हणून आज केवळ गळतीविषयी नव्हे, तर आपल्याकडे एकमत कसे होते याविषयी नाइलाजाने लिहीत आहे.

वार्षिक सभेत मी वॉटरप्रूफिंगचा विषय मांडला, तेव्हा पंख्याखेरीज कशाचाही आवाज नव्हता. त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरील निवृत्त साहेब, सभेतील एकमेव गादीच्या खुर्चीत किंचित मागे रेलून, "आधी लॉबीचं ग्रॅनाइट बघू," एवढेच म्हणाले आणि ठराव मंजूर झाला. सूचक कोण व अनुमोदक कोण, हे नंतर ठरले. मी विरोध केला होता, तरी इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' अशीच नोंद आहे. पावसाळ्यापूर्वी टाकी धुवावी, असे मी ग्रुपवर लिहिले तेव्हा सर्वांनी ते वाचून सोडून दिले. पुढच्या आठवड्यात साहेबांनी तेच लिहिल्यावर अंगठ्यांची रांग लागली आणि आपण स्वतः 'उत्तम सूचना, सर' असे कळवलेत.

साहेबांविषयी माझ्या मनात आकस नाही. वॉर्ड ऑफिसातील कामे त्यांच्या एका फोनवर होतात, हे मीही जाणतो. पण ज्यांची कामे तशी झाली आहेत, त्यांनी भर सभेत त्यांच्याविरुद्ध हात वर करावा, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ च्या सुमारास अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत रेषांची लांबी समोर स्पष्ट दिसत असूनही अनेकांनी, बाकीचे सगळे चुकीचे सांगत आहेत म्हणून, चुकीचेच उत्तर दिले. उत्तर कागदावर लिहून द्यायला सांगितल्यावर हे प्रमाण बरेच घटले. तेथे तर सगळे विद्यार्थीच होते, कोणी साहेब नव्हते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार एका सभासदाला एकच मत असते, आणि गच्चीची गळती थांबवणे ही आदर्श उपविधींनुसार संस्थेची जबाबदारी आहे. (पॅसेजमधील माझ्या चपलांच्या कपाटाबाबत आपण याच उपविधींवर बोट ठेवता, पण तो विषय निराळा आहे.) पाचव्या मजल्यावरील दोन कुटुंबे आणि ए विंगमधील किमान निम्मे सभासद माझ्याच मताचे आहेत व लिफ्टमध्ये त्यांनी तसे स्पष्ट बोलून दाखवले आहे, या पत्रावर त्यांच्या सह्या का नाहीत, याचे कारण वर आलेच आहे.

तरी ग्रॅनाइटचा ठराव विशेष सर्वसाधारण सभेत फेरविचारासाठी घ्यावा, मते चिठ्ठी टाकून घ्यावीत, चर्चेत साहेबांना सर्वांत शेवटी बोलण्याची विनंती करावी, माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा आणि सभेला सर्वांसाठी एकसारख्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवाव्यात. सोबतच्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का द्यावा. तो न मिळाल्यास हेच पत्र स्पीड पोस्टाने उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे पाठवले जाईल.

आपला नम्र,
शेवटच्या मजल्यावरील एक सभासद