विंडोज बदललं तर गेम चालवून दाखवूनच कॉम्प्युटर परत द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत व्हीएमसीवर (धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) सेटर आहे, म्हणजे मशीनवर जॉब लावून देतो. आज गेमबद्दल लिहितोय, कॉम्प्युटरवरच्या. काही जणांना विषय फालतू वाटेल पण यात आमच्यासारख्या पोरांचा ओव्हरटाईमचा पैसा जायला लागलाय म्हणून छापाच ही विनंती.

२०१९ ला पैसे साठवून कॉम्प्युटर जोडून घेतला. सहा कोअरचा एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. सेकंड शिफ्ट सुटली की घरी येऊन जेवायचं आणि तालमीतली चार पोरं ऑनलाईन आली की फुटबॉलची गेम लावायची, शाहू स्टेडियमवर सीझन चालू असला तर दुपारी तिथं नि रात्री इथं. ७५-८० एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, जास्त तेवढी गेम सुरळीत) मिळायचे, कधी तक्रार नव्हती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा गावातल्या एका दुकानात गेलो, तर ते म्हणाले आता हे बंद पडणार, ११ टाकूनच घ्या. प्रत्यक्षात १० बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट थांबतात, आणि घरगुती वापरासाठी तेसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घ्यायची सोय दिलेली होती. हे मला नंतर कळलं. दीड हजार दिले, दोन दिवसांनी कॉम्प्युटर घरी आणला, आणि त्याच गेमला ५० एफपीएस पण धड येईनात, कॉर्नर घेताना चित्र अडकायचं, बॉल गोलमध्ये गेल्यावर कळायचं की गेला. परत दुकानात गेलो तर कॉम्प्युटर चालू करून बघितलासुद्धा नाही, "कार्ड जुनं झालंय, नव्या विंडोजला झेपत नाही, नवीन घ्या, पंचवीस हजारापर्यंत बसेल." कार्ड तेच, गेम तीच, मग आठवड्यात म्हातारं कसं झालं ते?

मी खरंच बहिणीकडनं उसने घ्यायला निघालेलो. रात्रपाळीतल्या एका मित्रानं अडवलं, म्हणाला आधी टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि स्पीड बघ. माझी रॅम ३००० स्पीडची, तिथं आकडा २१३३. कारण असं निघालं की ११ ला टीपीएम २.० ही कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय लागते, ती चालू करायला दुकानदार बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी कॉम्प्युटरची मूळ सेटिंग) गेला आणि सगळं डिफॉल्टवर टाकून आला, त्यात रॅमचं एक्सएमपी प्रोफाईल, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, बंद झालं. रॅम तेव्हापासून हळू चालत होती आणि आमच्यासारख्या जुन्या रायझनला रॅमचा स्पीड लई लागतो. एक्सएमपी चालू केलं, सेव्ह केलं, दोन मिनिटं गेली असतील, एफपीएस सत्तरच्या आसपास आले.

उरलेलं दुसऱ्या एका सेटिंगमध्ये होतं. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटेग्रिटी म्हणून आहे, ती चालू करून ठेवलेली. वाईट गोष्ट नाही ती, व्हायरस आत खोलवर घुसू नये म्हणून आहे. पण इंटेलच्या केबी लेकपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून प्रोसेसरमध्येच तिच्यासाठी सोय आहे, त्याआधीच्यांना तेच काम सॉफ्टवेअरनं करायला लागतं म्हणून त्यांच्यावर लोड जास्त येतो. पहिल्या पिढीनंतरचे रायझन २००० वाले ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत बसतात पण ही सोय त्यांच्यात नाही, लोक इथंच फसतात. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितलंय की गेमसाठी ती बंद करता येते, खेळून झालं की परत चालू करावी. मी तसंच करतोय, बँकेचं काम त्याच कॉम्प्युटरवर असतं. सिक्युअर बूट (कॉम्प्युटर चालू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारं सेटिंग) आणि टीपीएमला मात्र कुणी हात लावू नका, व्हॅलोरंटसारख्या गेम ११ वर त्याशिवाय उघडतच नाहीत.

आणि रायझनवाल्यांनी एक बघा. टीपीएम चालू केल्यावर मधेच एक-दोन सेकंद सगळं थिजत असेल, आवाजसुद्धा, तर बायोस जुनं असू शकतं. मार्च २०२२ मध्ये एएमडीनं हा दोष मान्य केला आणि नंतर नवीन बायोसमधनं दुरुस्ती दिलेली आहे. बायोस अपडेट करताना लाईट जाता कामा नये, यूपीएस नसेल तर कुणाचा तरी आणा, आणि अपडेट झाल्यावर एक्सएमपी परत तपासा.

मला राग कशाचा आला सांगतो. आमच्याकडे व्हीएमसीवर नवीन जॉब लावला की फर्स्ट पीस क्वालिटीला दाखवल्याशिवाय लॉट चालू करता येत नाही. उद्यमनगरात साधी मोटर भरून दिली तरी गिऱ्हाईकासमोर फिरवून दाखवतात. मग कॉम्प्युटरच्या दुकानात का नाही? गिऱ्हाईक खेळतो ती गेम आधी चालवा, एफपीएस लिहून ठेवा, काम झाल्यावर परत चालवा, आणि बायोसमध्ये काय बदललं ते बिलावर दोन ओळीत लिहा. आणि हे तर आधीच सांगायला पाहिजे की जुनं विंडोज न पुसता त्याच्यावरनंच ११ वर गेलं असेल तर १० दिवसांच्या आत सेटिंगमधनं परत १० वर येता येतं. मला हे तेराव्या दिवशी कळलं.

आपल्या पेपरच्या पुरवणीत कधी अर्धा कॉलम यावर दिलात तर बरं होईल. आमच्या तालमीतल्याच एकानं याच कारणासाठी कार्ड बदललंय. परवा त्याचा टास्क मॅनेजर उघडून बघितला, मेमरीचा आकडा २१३३.

आपला वाचक,
एक व्हीएमसी सेटर, कोल्हापूर