अल्कोहोल मार्कर निवडताना

महोदय,

सुट्टी लागली की मुलांना अल्कोहोल मार्कर, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या शाईची रंगीत पेने, घेऊन देणारे पालक मला संचात किती रंग असावेत एवढेच विचारतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ही शाई झटपट वाळते, तरी वरून दुसरा थर दिला की खालचा थर पुन्हा विरघळतो आणि दोन्ही छटा एकजीव होतात. त्यामुळे शंभर विखुरलेल्या रंगांपेक्षा एकाच कुळातील तीन-चार लगतच्या छटा अधिक उपयोगी पडतात. १९८७ पासून बाजारात असलेल्या जपानी कॉपिक मार्करची खरी थोरवी मला इथेच दिसते. त्यांच्या स्केच मालिकेत ३५८ रंग असून प्रत्येकाच्या क्रमांकातील अक्षर रंगाचे कुळ सांगते आणि शेवटचा अंक तो किती गडद आहे हे सांगतो. शिवाय संपलेली शाई भरता येते व झिजलेले टोक बदलता येते. प्रोमार्कर हा दुसरा ब्रँडही दर्जेदार आहे, परंतु त्याच्या मूळ प्रकाराला ब्रशचे टोक नाही. शिकाऊ हाताला ओहुहू या ब्रँडचा ब्रश-टोकाचा छोटा संच पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र कोणत्याही कंपनीची अशी शाई उन्हात फिकी पडते. माझ्या एका विद्यार्थिनीचे खिडकीशेजारी टांगलेल्या चित्राचे रंग असेच उडून गेले. तिच्या संचाच्या वेष्टनावर याविषयी एक शब्दही नव्हता. ही सूचना प्रत्येक वेष्टनावर मराठीतही ठळकपणे छापली जावी.

— एक चित्रकला शिक्षिका, सातारा