बाई, त्या एका शब्दासाठी

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

स्टुटगार्टच्या जुन्या बाजारातून आणलेला तो बिल्ला आणि त्याच्यासोबतचा कागद तुमच्यापुढे ठेवला, तेव्हा तुम्ही आधी चष्मा पुसलात आणि मग विचारलंत, "लोकांच्या जखमांचे बिल्ले कशाला रे जमवतोस?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आजही नीटसं सुचलेलं नाही.

पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या जर्मन सैनिकांना मिळणाऱ्या त्या बिल्ल्याची माहिती मात्र मी न विचारता ऐकवली होती. कैसर दुसऱ्या विल्हेल्मने तो ३ मार्च १९१८ रोजी सुरू केला, म्हणजे युद्ध संपायला जेमतेम आठ महिने उरले होते. आधीच्या वर्षांतल्या जखमाही त्यात धरल्या. एक-दोन जखमांना काळा, तीन-चार झाल्या की चंदेरी, पाच किंवा अधिक झाल्या तर सोनेरी. मधे पोलादी शिरस्त्राण, मागे दोन तलवारी, कडेने पानांची माळ. माझा चंदेरी होता. सोबत सैनिकाचं प्रमाणपत्र, म्हणून चौपट पैसे मोजले होते.

प्रमाणपत्राचा छापील भाग मला लागला. हाताने भरलेला मजकूर कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत, तिथे 'ए' आणि 'एन' ही अक्षरं सारखीच दिसतात. ऑफिसातल्या तरुण जर्मनांनीही हात टेकले. तुम्ही हसलात. "आपल्या मोडीसारखंच की! आजोबांनी लिहिलेलं नातवाला वाचता येत नाही." मग दोन संध्याकाळी भिंग घेऊन अक्षर अक्षर लावत बसलात. बिल्ल्याचा रंग लिहिलेली जागा नेमकी घडीवर फाटलेली. तिच्या वरच्या ओळीवर तुमचं बोट थांबलं. "आइनमालिग. हा तर एकदाच जखमी झालाय. मग तुझा बिल्ला चंदेरी कसा?"

बाई, मी चुंबक लावून पाहिलं होतं, मागची पिन तपासली होती, पत्र्याची जाडी मोजली होती. हा साधा प्रश्न मला पडला नव्हता! कागद एकाचा, बिल्ला दुसऱ्याचा. विकणाऱ्याने किंवा त्याच्याही आधी कुणीतरी जोडी जुळवून दिली होती.

काळा बिल्ला स्वस्तात मिळतो. तो आणून कागदाशेजारी ठेवावा, असं एकदा मनात आलं. मग माझ्यात आणि त्या जोडी जुळवणाऱ्यात फरक काय राहिला असता? आता कागद एकटाच फ्रेममध्ये आहे. चंदेरी बिल्ला खणात ठेवलाय, १९३९ नंतरच्या बिल्ल्यांसोबत. त्यांच्या शिरस्त्राणावर नाझींचं स्वस्तिक आहे. जर्मनीत ते चारचौघांत मिरवणं गुन्हा आहे, आणि माझ्याही भिंतीवर ते लागणार नाहीत.

मानधनाचं विचारलं तर तुम्ही रागावलात. उलट त्या सैनिकाच्या गावाचं नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत, जिभेवर नीट बसेपर्यंत.

पुढच्या रविवारी आणखी एक कागद घेऊन येतोय. चष्मा पुसून ठेवा.

तुमचा,
उशिरा शिकणारा विद्यार्थी